कबुतरांचा नर-मादी ओळखताना
रंगावरून किंवा आकारावरून ठरवू नका, वागणूक पाहा. मान फुगवून, घुमत, शेपटी जमिनीला घासत गोल फिरतो तो बहुधा नर. पण मादीही कधीकधी घुमते, म्हणून एकदा पाहून निकाल देऊ नये. खात्रीची खूण अंड्यांतून मिळते: एका वेळी दोन अंडी घातली जातात, पहिल्यानंतर सुमारे 44 तासांनी दुसरे. जोडीच्या घरट्यात चार अंडी दिसली तर जोडीतले दोन्ही पक्षी माद्याच असण्याची दाट शक्यता, आणि ती अंडी फळत नाहीत.

जोडी जमवायची तर दोघांना आधी मधे जाळी असलेल्या पिंजऱ्यात शेजारी शेजारी ठेवा. एकदम एकत्र सोडलं तर नर मादीला टोचून जखमी करू शकतो, हे मला अजिबात आवडत नाही. जाळीतून एकमेकांकडे ओढ दिसली की जाळी काढा. मातीचं पसरट भांडं, सुक्या काड्या, शिंपल्यांचा चुरा आणि शांतता द्या. अंडी 17-18 दिवस उबवली जातात. दिवसा बराच वेळ नर बसतो, रात्री मादी. त्या काळात घरट्यात हात घालू नका. सहा महिन्यांखालच्या पक्ष्यांची घाई तर नकोच.