टेस्टची कमांड एकाच फाइलमध्ये ठेवा

सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या रीडमीत, म्हणजे ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये, कोडच्या टेस्ट चालवायची एक कमांड, योगदान कसं द्यायचं ते सांगणाऱ्या कॉन्ट्रिब्युटिंग फाइलमध्ये दुसरी, विकीवर तिसरीच. नवा माणूस नेमकी जुनी उचलतो आणि त्याची पहिली संध्याकाळ त्यातच जाते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण असा माणूस बहुतेक वेळा न विचारताच निघून जातो.

१. वाक्य शोधू नका, कमांड शोधा. वाक्य प्रत्येक जण आपल्या पद्धतीने लिहितो, कमांडमधले मुख्य शब्द मात्र बहुतेक तेच राहतात. रेपोच्या (प्रकल्पाच्या फाइल्सच्या साठ्याच्या) मुळाशी ‘गिट ग्रेप’ला, म्हणजे फाइल्समधला मजकूर शोधणाऱ्या कमांडला, ‘एनपीएम टेस्ट’ किंवा ‘पिप इन्स्टॉल’ असे शब्द द्या, सगळ्या जागा समोर येतात. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर विकी वेगळ्या रेपोत असते, तिथे वेगळं शोधावं लागतं.

२. एक घर ठरवा. गिटहबवर मी कॉन्ट्रिब्युटिंग फाइलच निवडते. नवा इश्यू (अडचणीची नोंद) किंवा पुल रिक्वेस्ट (आपला बदल घ्यावा अशी विनंती) उघडताना तिचा दुवा आपोआप दिसतो.

३. बाकी सगळीकडून मजकूर काढून दुवा द्या. ‘इथे पाहा’ असं नको, ‘विंडोजवर टेस्ट कशा चालवायच्या’ असं स्पष्ट लिहा.

मजकूर दोन पानांवर दिसायलाच हवा असेल आणि डॉक्स स्फिंक्स या डॉक्स बनवायच्या साधनात असतील, तर कॉपी न करता दुसऱ्या फाइलमधला मजकूर आणणारी ‘इन्क्लूड’ सूचना वापरा.

एक जपा: गिटहबवर विभागाचा दुवा शीर्षकाच्या शब्दांवरूनच बनतो. शीर्षक बदललं की जुने दुवे नुसतं पान उघडतात, विभागापर्यंत नेत नाहीत. म्हणून शीर्षकाला हात लावण्याआधी पुन्हा एकदा गिट ग्रेप.