रस्त्यावर, स्टेशनात फोटो काढताना: हक्क कुठवर, हद्द कुठे

सार्वजनिक जागी फोटो काढायला सरसकट बंदी घालणारा कायदा आपल्या देशात नाही. तरी कॅमेरा बाहेर आला की कुणीतरी "इथे अलाउड नाही" म्हणतंच. एका मोठ्या स्टेशनात साडेअकराच्या सुमारास डबेवाला लगेजच्या डब्यातून उतरत होता. डोक्यावर डब्यांची लांब पाटी, एक हात वर, मानेवर ताणलेली शीर. तो फोटो रक्षकाने मला तिथल्या तिथे पुसायला लावला. नियम कुठला, हे मी विचारलंच नाही. तुम्ही विचारावं, म्हणून हे लिहितोय.

आधी जागा ओळखा. रस्ता, फुटपाथ, चौपाटीवरून जे दिसतं ते टिपा. मॉल, थिएटर, सोसायटीच्या आवारात मालकाचा शब्द चालतो. चौकातले पुतळे आणि इमारतींच्या फोटोंना कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये मुभा आहे. धंद्यासाठी वापरताना मात्र चौकशी करा: मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या वास्तूला 2017 मध्ये ट्रेडमार्क मिळाला आहे, म्हणजे तिचं चित्र कपांवर छापून विकायचं तर परवानगी लागेल.

रेल्वेत प्रवासाचं नाहीतर प्लॅटफॉर्म तिकीट खिशात हवंच. जाहिरात किंवा सिनेमाचं शूटिंग असेल तर रेल्वेची रीतसर परवानगी घ्या. रुळांवर उतरू नका. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दारात लटकून रील काढणाऱ्यांना हात जोडून सांगतो, खांब फार जवळून जातात.

विमानतळावर जास्त जपा. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, गोव्याचं दाबोळी नौदलाचं. तिथे उतरताना-उडताना खिडकीतून फोटो नकोच. लष्करी हद्दीत, गोदीपाशी 'छायाचित्रणास मनाई' दिसली की कॅमेरा बॅगेत.

माणसांचे फोटो हा सगळ्यात नाजूक भाग. दादरच्या फुलबाजारात गजरे ओवणाऱ्या एका मावशींकडे मी कॅमेरा नुसता दाखवला आणि भुवया उंचावल्या. त्यांनी सुई धरलेला हात तसाच हलवून 'नको' म्हटलं. विषय संपला. कायदा प्रत्येक वेळी परवानगी मागायला लावत नाही, पण मागावी असं माझं ठाम मत आहे. लहान मुलं असतील तर आईवडिलांना विचारल्याशिवाय नाहीच. आणि बाईच्या खासगी क्षणाचं चोरून चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली सरळ गुन्हा आहे.

कुणी अडवलं तर आवाज चढवू नका. "दादा, कुठल्या नियमाखाली?" एवढंच विचारा. खासगी जागेतला रक्षक तुम्हाला बाहेर जायला सांगू शकतो. फोन हिसकावण्याचा किंवा फोटो पुसायला लावण्याचा अधिकार त्याला नाही. गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असेल तर पोलीस फोन जप्त करू शकतात, पण त्याची नोंद व्हायला हवी. पंचनाम्याची प्रत मागा. वर्ध्याच्या पोलीस ठाण्यात एकाने व्हिडिओ काढला म्हणून गुन्हा दाखल झाला होता. पोलीस ठाणं ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्टमधलं, म्हणजे सरकारी गुपितांच्या कायद्यातलं, निषिद्ध ठिकाण नाही, असं सांगत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2022 मध्ये तो रद्द केला.

दबावाखाली फोटो पुसावा लागलाच, तर घरी येऊन फोनची 'रिसेंटली डिलीटेड' यादी बघा. कॅमेरा असेल तर कार्ड लगेच काढून ठेवा, त्यावर नवं काही टिपू नका. रिकव्हरी सॉफ्टवेअरने फोटो बऱ्याचदा परत मिळतो. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. त्याच कार्डावर मी संध्याकाळपर्यंत फोटो काढत राहिलो.