कालप्रवासी मारेकरी आणि एआय: कथाबीज कसं बांधायचं?

ज्याला कितीही वेळा मागे जाता येतं, ज्याला सगळं ठाऊक आहे आणि ज्याचा नेम कधी चुकत नाही, त्याला अडवणार कोण? कालप्रवास, मारेकरी आणि एआय एकत्र आणणाऱ्या बहुतेक कथा इथेच अडकतात. म्हणून कथानकाला हात घालण्याआधी तिघांची प्रत्येकी एक मर्यादा लिहून काढा.

आधी काळाचा नियम. भूतकाळ बदलतो, बदलतच नाही, किंवा बदल केला की वेगळी शाखा फुटते. यातला एकच घ्या. शाखा सुपारीच्या कथेला सहसा मारक ठरतात: सुपारी देणाऱ्याच्या जगात बळी जिवंतच राहतो, मग पैसे कशाचे? बदलणारा भूतकाळ घेतलात तर मोहीम फत्ते होताच मोहिमेचं कारणच पुसलं जातं. मग मारेकऱ्याला पाठवलं कोणी, याचं उत्तर लिहायला बसण्याआधी हवं. न बदलणारा भूतकाळ, म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ नोविकोव्ह यांचं स्वसुसंगततेचं तत्त्व, नवख्याला जास्त साथ देतं. तिथे वाचकाची उत्सुकता 'वार का फसतो' यावर टिकते.

कालयंत्रालाही कुंपण घाला. भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये मांडलेल्या वर्महोलच्या (अवकाश-काळातली दोन टोकं जोडणाऱ्या बोगद्याच्या) कालयंत्रातून, ते तयार होण्यापूर्वीच्या काळात जाता येत नाही. ही अट उचलाच. यंत्र सुरू झालं तेव्हा बळी चाळिशीत असेल, तर त्याला पाळण्यातच मारण्याची सोपी वाट बंद होते. शिवाय पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर धावते. नुसतं 'तासभर मागे' गेलेला माणूस अवकाशात लटकेल. वर्महोलचं तोंड पृथ्वीबरोबर फिरतं असं दाखवलं की ही कटकट मिटते.

खरा मसाला एआयमध्ये आहे. त्याला सर्वज्ञ करू नका. त्याच्यापुढे भूतकाळ नसतो, भूतकाळाची कागदपत्रं असतात. उदाहरणार्थ, 28 जून 1914 रोजी सारायेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याच्यावरचा सकाळचा बॉम्बहल्ला फसल्यावर त्याच्या ताफ्याचा मार्ग बदलायचं ठरलं, पण चालकापर्यंत निरोप पोचला नाही. गाडी जुन्याच मार्गाला वळली आणि त्याचा मारेकरी गाव्रिलो प्रिन्सिप याच्यासमोर थांबली. फक्त बदललेल्या मार्गाचा निर्णय वाचलेलं एआय आपला माणूस भलत्याच रस्त्यावर उभा करील.

मग एआयला दिलेला हुकूम शब्दशः लिहा, कारण ते शब्द पाळतं, हेतू नाही. 'युद्धातल्या मृतांचा नोंदलेला आकडा कमी कर' असं सांगितलं, तर सेनापतीला मारण्यापेक्षा मृत्यूंची नोंद ठेवणारे कारकून मारणं स्वस्त पडतं. एआयने दिलेल्या बळींच्या यादीत एकही सैनिक नाही, हे मारेकऱ्याच्या लक्षात येतं ते तिसऱ्या खुनानंतर. बीज मिळालं.

मारेकऱ्यासाठी एक बंधन पुरे: एकच फेरी, किंवा परतीसाठी ठरावीक मिनिटं. दोन्ही लादलीत तर गोष्ट घड्याळाचीच होते.

सगळे नियम पहिल्या चतुर्थांशात वाचकाला कळू द्या. शेवटाकडे आणलेला नवा नियम पळवाट वाटतो.