क्लच प्लेटा पुन्हा पुन्हा का जळत होत्या

इंजिनाची ताकद वाढवल्यापासून माझ्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला तिसऱ्या गिअरचा क्लच टिकेना. भारी प्रतीच्या फ्रिक्शन प्लेटा (घर्षणाने पकड धरणाऱ्या) घातल्या, तरी जोरात गाडी काढली की तिसऱ्यावर इंजिन नुसतंच रेस व्हायचं. मग वास.

पुन्हा उघडल्यावर या वेळी प्लेटा बाजूला ठेवून, पिस्टन ढकलून त्या दाबून धरणारा तेलाचा दाब कुठे गळतोय ते शोधलं. मुख्य लाइन प्रेशर (पंपाकडून येणारा तेलाचा दाब) गेजवर व्यवस्थित होतं, आणि तिथेच बहुतेक जण फसतात. पंपाजवळचा दाब क्लचच्या पिस्टनपर्यंत पोहोचतोच असं नाही. क्लचला तेल देणाऱ्या छिद्रातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. पिस्टन हलला, पण शाफ्टच्या सीलिंग रिंगांपाशी सूं सूं आवाज. रिंगांनी ड्रमच्या (क्लच प्लेटा बसतात त्या डब्याच्या) आत चर पाडले होते. दाब कमी, म्हणजे पकड कमी. प्लेटा घसरतात, तापतात, जळतात.

ड्रम, रिंगा आणि पिस्टनचे रबरी सील बदलले. निळे डाग पडलेल्या स्टील प्लेटाही काढल्या. त्या वाचवण्यात काहीच अर्थ नसतो. फ्रिक्शन प्लेटा तेलात भिजवून बसवल्या, फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) क्लिअरन्स, म्हणजे प्लेटांमधली मोकळीक, मोजला. जास्त प्लेटा कोंबून तो कमी केला, तर क्लच सुटलेला असतानाही प्लेटा घासत राहतात.

ऑइल कूलर धुवायच्या भानगडीत न पडता नवाच घेतला, कारण जुन्यातली जळकी भुकटी पुन्हा व्हॉल्व बॉडीत (तेलाचा दाब क्लचांना वाटणाऱ्या भागात) जाते. इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा टॉर्क कन्व्हर्टरही बदलला. आता पूर्ण थ्रॉटलवर तिसरा गिअर घट्ट पडतो आणि तेल लालच आहे, जळून काळं पडलेलं नाही.