गल्लीसाठी झटणाऱ्या माणसाचा सत्कार कसा करायचा, सोलापुरात

आपल्याकडं सत्कार म्हटलं की आधी डिजिटल बोर्ड, त्यावर चाळीस तोंडं, मधे साहेबांचा मोठा फोटो आणि ज्याचा सत्कार आहे तो खाली कोपऱ्यात स्टॅम्पएवढा. ते जरा बाजूला ठेवा, बोर्डाच्या पैशात बाकी सगळं होतं.

आधी माणूस शोधा. मंडळाच्या मीटिंगमध्ये नाव ठरवू नका, तिथं ज्याचा आवाज मोठा त्याचंच नाव येतंय. त्यापेक्षा घराघरात जाऊन एकच विचारा, पाणी आलं नाही किंवा ड्रेनेज तुंबलं तर पहिला फोन कुणाला करता? दहा घरं फिरलात की एखादं नाव परत परत येतं, आणि बऱ्याचदा ती विड्या वळणारी एखादी मावशी असते नाहीतर मिलमधून रिटायर झालेले काका, ज्यांचं नाव कुठल्याच यादीत नसतं. मग त्यांनाच विचारा की तुमच्यासोबत कोण कोण असतं, ते जी नावं सांगतील त्यांनाही बोलवा. आणि हो, सत्कार चालेल का हेही विचारा, काही लोकांना खरंच नको असतो, मागं लागू नका.

तारीख ठरवताना पहिलं बघायचं ते पाण्याचा दिवस. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं ज्या दिवशी आपल्या भागाचा नंबर त्या दिवशी कार्यक्रम ठेवलात तर अर्ध्या बायका घागरी-पिंपापाशीच राहणार. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवसही टाळा, सगळं गाव ग्रामदैवत सिद्धेश्वराकडं असतं, त्यातच १२ जानेवारीला, १९३१ मध्ये इंग्रजांनी फाशी दिलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना अभिवादन असतं. १ मे मला बरा वाटतो, महाराष्ट्र दिन आहेच आणि आपली महापालिकासुद्धा १ मे १९६४ चीच. फक्त मे मधलं आपलं ऊन माहितीये ना, सात वाजल्यानंतरच ठेवा आणि रात्री दहाला स्पीकर बंद.

जागा हॉलची नको. जिथं कचऱ्याचा ढीग होता आणि आता नाहीये, तिथंच चार खुर्च्या टाका. रस्त्यावर मांडव घालणार असाल तर महापालिका आणि पोलीस दोन्हीकडं परवानगीचा अर्ज वेळेत द्या.

आता द्यायचं काय. त्या सत्काराच्या पातळ शाली कुणी पांघरत नाही, कपाटात जातात आणि तिथून पुढच्या सत्काराला. चादरीच्या गावात राहून शाल कशाला बे? जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली आपली सोलापुरी चादर द्या, पण ओळखीच्या कारखान्यातून घ्या, कारण आपल्या नावावर बाहेरचा माल बक्कळ खपतोय. आणि त्याबरोबर कामाचं काहीतरी द्या, झाडं जगवणाऱ्याला लांब पाईप, ऑफिसला चकरा मारणाऱ्या मावशीला फाईल, झेरॉक्सचे पैसे, वर्षाचं रिचार्ज.

सन्मानपत्रात "समाजाच्या सर्वांगीण विकासासाठी मोलाचे योगदान" असलं लिहू नका, ते कुणालाही चिकटतं. काय केलं ते लिहा: बोळातला बंद दिवा चालू होईपर्यंत ऑफिसात जात राहिल्या, पावसाळ्याआधी गटार उपसून घेतली. आणि वाचताना पूर्व भागात असाल तर तेलुगूतही वाचा, कुठं कन्नड, कुठं उर्दू. मराठी नीट न कळता नुसत्या टाळ्या वाजवणाऱ्या आजीला आपल्या सुनेनं नेमकं काय केलं ते तिच्या भाषेत कळलं की तिचं तोंड बघा.

विभागीय कार्यालयातल्या साहेबांना जरूर बोलवा, पण भाषणाला नाही, पहिल्या रांगेत बसवा. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला आणि घंटागाडीवाल्यांनाही खुर्ची द्या, निम्मी कामं त्यांच्या ओळखीनं होतात. ज्यांचा सत्कार आहे त्यांना पाच मिनिटं बोलू द्या, त्या राहिलेल्या तक्रारी सांगतील, त्या कागदावर लिहून साहेबांच्या हातात सगळ्यांसमोर द्यायच्या आणि पोच घ्यायची.

सगळ्यात महत्त्वाचं, सत्कार झाल्यावर "आता मावशी आहेतच" म्हणून सगळा भार परत त्यांच्यावरच पडतो. म्हणून चहा-भजी वाटायच्या आधी माईकवर विचारा, दिव्यांच्या तक्रारी कोण बघणार, पाण्याचं कोण, कचऱ्याचं कोण. नाव आणि नंबर तिथंच लिहून घ्या, गल्लीच्या ग्रुपवर टाका आणि मग भजी सोडा, आधी सोडलीत तर कुणी थांबत नाही.