नाशिकमध्ये फुकटचं डेटिंग ॲप निवडताना: दोन ॲप, चौदा दिवस, एक वही

डेटिंग ॲपची परीक्षा एकाच गोष्टीवर होते. तुमच्या आसपास, तुमच्या वयोगटातली, खरोखर वापरात असलेली खाती त्यावर किती आहेत? प्ले स्टोअरवरचे स्टार मुंबई-बंगळुरूच्या गर्दीनं दिलेले असतात. जे ॲप अंधेरीत रोज ढिगानं नवे चेहरे दाखवतं, तेच नाशिकच्या इंदिरानगरात किंवा नाशिकरोडला तिसऱ्या दिवशी ‘जवळपास आता कोणी नाही’ म्हणून हात वर करू शकतं. तेव्हा दुसऱ्या शहरातल्या मित्राचा सल्ला बाजूला ठेवा आणि स्वतः मोजून बघा. पैसे न भरता हे सगळं कळतं.

आधी अंतराचं गणित, म्हणजे किती किलोमीटरच्या आतली माणसं दाखवायची ती ॲपमधली मर्यादा. ॲपमधले किलोमीटर रस्त्याचे नसतात, सरळ रेषेचे असतात. शहराच्या मध्यापासून २५ किलोमीटर ठेवलेत तर देवळाली कॅम्प, ओझर, सातपूर-अंबड, पंचवटी सगळं आत येतं. सिन्नर हवं असेल तर ३० करा, इगतपुरीसाठी ४५. पण पट्टा सरकवत ११० च्या पुढे नेलात की कल्याण-डोंबिवली सुरू होते आणि १२० च्या आसपास ठाणे. स्क्रीन भरून वाहते, आपल्याला वाटतं ॲप जोरात चाललंय, आणि त्यातल्या कुणाला भेटायचं म्हटलं की कसारा घाट उतरायचा. दर पंधरा दिवसांनी ते जमणार असेल तर जरूर ठेवा. नाहीतर चाचणीपुरतं तरी २५ ते ३० वरच थांबा. ‘माणसं कमी पडली तर थोडी लांबची दाखवा’ असं एक बटण सेटिंगमध्ये बहुतेक ठिकाणी आधीपासून चालू असतं. ते बंद केल्याशिवाय खरा आकडा कळत नाही.

आणखी एक. चाचणी दिवाळीच्या किंवा लग्नसराईच्या आठवड्यात करू नका. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली आपली मुलं-मुली तेव्हा घरी येतात, फोनचं लोकेशन नाशिकचं होतं आणि खाती फुगलेली दिसतात. सुट्टी संपली की ती गर्दी परत जाते.

फुकट म्हणजे नक्की काय काय फुकट

डाउनलोड तर सगळीच फुकट असतात. बघायचं ते एवढंच, की दोघांनी एकमेकांना पसंत केल्यावर पैसे न भरता बोलता येतं का. येत नसेल तर ते ॲप तिथेच सोडा. टिंडर, बंबल, हिंज आणि ओकेक्युपिड या चारही ठिकाणी मॅच झाल्यावरचं बोलणं फुकट आहे. ‘तुम्हाला कोणी लाइक केलं’ ती पूर्ण यादी बघायला, लाइकची मर्यादा उठवायला आणि दुसऱ्या शहराचं लोकेशन लावायला साधारणपणे पैसे पडतात. या तिन्हींवाचून काही अडत नाही. धूसर केलेले फोटो दाखवून ‘हे सात जण तुमची वाट बघताहेत’ म्हणणं ही विक्रीची युक्ती आहे. ते सात जण २५ किलोमीटरच्या आतले आहेत की ठाण्याचे, हे पैसे भरल्यावरच कळतं.

स्वभाव प्रत्येकाचा वेगळा. टिंडर २०१२ पासूनचं आहे. फोटोवर भर, निर्णय झटपट, त्यामुळे नुसतं टाइमपास करणारेही तिथे भरपूर. बंबल भारतात २०१८ च्या डिसेंबरात आलं. तिथे मॅचनंतर चोवीस तासांत बोलण्याची सुरुवात मुलीनं करायची असते. २०२४ पासून ती आधीच एक प्रश्न मांडून ठेवू शकते आणि मुलानं त्याचं उत्तर द्यायचं. भारतात मुलींना पूर्ण नावाऐवजी फक्त आद्याक्षर दाखवण्याची सोयही त्यांनी दिली, आणि आपल्यासारख्या ‘अमक्याची मुलगी ना तू?’ विचारणाऱ्या शहरात ती मोलाची आहे. हिंजवर दिवसाला मोजकेच लाइक मिळतात, आठेक. पण तीन प्रश्नांची उत्तरं लिहावीच लागतात आणि समोरच्याच्या नेमक्या एका वाक्यावर किंवा फोटोवर टिप्पणी करता येते. बोलणं ‘हाय’वर अडकून पडत नाही ते यामुळे. ओकेक्युपिड प्रश्न विचारून जुळण्याचा टक्का काढतं. धर्म, मुलं, दारू, राजकारण यावर तुमची मतं ठाम असतील तर त्याचा उपयोग होतो. ट्रूलीमॅडली आणि आइल ही भारतीय ॲप आहेत, तिथे लग्नाचा विचार असलेल्यांचा कल जास्त. तुम्हाला मुळात स्थळच बघायचं असेल तर डेटिंग ॲपवर वेळ घालवू नका. विवाह संकेतस्थळं त्यासाठीच आहेत, फक्त फुकट खात्यावर तिथे समोरच्याचा फोन नंबर सहसा दिसत नाही.

एका प्रकारापासून मात्र लांबच राहा. खातं उघडून पाच मिनिटं होत नाहीत, फोटो लावलेला नाही, नाव धड भरलेलं नाही, आणि आठ-दहा देखण्या मुलींचे मेसेज येऊन पडतात. उत्तर द्यायला ‘कॉइन’ लागतात, कॉलला मिनिटाप्रमाणे कॉइन कापले जातात. तिथे माणसं भेटायला बसलेली नसतात, मिनिटं विकायला बसलेली असतात. स्टोअरच्या पानावर हे आधीच ओळखू येतं. रिव्ह्यू ‘सर्वात नवे’ या क्रमानं लावा आणि एक स्टार व तीन स्टारचे वाचा. पाच स्टारवाले ‘नाइस ॲप’ म्हणून मोकळे होतात. तीन स्टारवाला काय चाललं आणि कुठे अडलं ते सांगतो. त्याच पानावर ‘डेटा सेफ्टी’ उघडून खातं आणि माहिती पुसून मागता येते का, तेही बघून घ्या.

चौदा दिवसांची चाचणी

एकावेळी दोनच ॲप घ्या. चार घेतलीत तर एकावरही नीट बोलणं होत नाही आणि आठवड्यात कंटाळा येतो. दोन्हीकडे तेच फोटो, तोच मजकूर, तेच अंतर, तोच वयोगट ठेवा, म्हणजे फरक पडला तर तो ॲपमुळेच.

वहीत रोज चार आकडे लिहा: किती नवी प्रोफाइल दिसली, त्यातली किती भरलेली होती, किती मॅच झाल्या, किती जणांशी दोन्ही बाजूंनी दहा मेसेज झाले. ‘भरलेलं’ म्हणजे किमान तीन वेगवेगळे फोटो आणि स्वतःच्या शब्दांत लिहिलेली दोन वाक्यं. पहिले दोन दिवस हिशेबात धरू नका, कारण तेव्हा तुम्हाला आसपासचा सगळा जुना साठा एकदम दिसतो. खरा आकडा पाचव्या दिवसानंतरचा. रोज दोन-तीन जरी नवी, भरलेली प्रोफाइल येत राहिली तरी नाशिकच्या मानानं ते ॲप चालतं म्हणायचं. दहाव्या दिवशी तेच चेहरे पुन्हा फिरून येत असतील तर तिथली विहीर आटली. पैसे भरून ती भरत नाही.

मॅच होतात पण बोलणं पुढे जात नाही, असं दोन्ही ॲपवर होत असेल तर दोष बहुधा प्रोफाइलचा. पहिला फोटो दिवसाउजेडी, एकट्याचा, गॉगलशिवाय. सहा जणांच्या ट्रेकच्या फोटोत तुम्ही कोणते, हे शोधायला कोणी थांबत नाही. ‘आवड: फिरणं, गाणी, खाणं’ याला काय उत्तर देणार? ‘रविवारी सकाळी पांडवलेणी चढून आल्यावर मिसळ, तर्री जास्त’ असं लिहा. समोरच्याला धरायला काहीतरी मिळतं. मराठीत लिहिलेलं एखादं वाक्य तर मोठी चाळणी आहे. ज्याला ते वाचून बोलावंसं वाटेल, त्याच्याशी निम्मं अंतर तिथेच कापलं जातं.

ओळखीच्या शहरात ओळख झाकणं

नाशिक मोठं झालं तरी माणसं एकमेकांच्या ओळखीची निघतात. चुलतभाऊ, ऑफिसातला साहेब, शेजारच्या काकू यांच्या स्क्रीनवर आपण जाऊ नये म्हणून टिंडर आणि हिंजवर संपर्क ब्लॉक करण्याची फुकट सोय आहे. सगळी फोनबुक ॲपला देऊन टाकण्यापेक्षा नेमके पंधरा-वीस नंबर हातानं टाका. मात्र त्यांनी दुसऱ्या नंबरवरून खातं काढलं असेल तर ही भिंत उपयोगाची नाही.

फोटो इन्स्टाग्रामवरचेच वापरू नका. गूगल लेन्सनं तो फोटो शोधला की आडनाव, कॉलेज, घर सगळं सापडू शकतं. मागे सोसायटीची पाटी, दुचाकीचा एमएच १५ नंबर, गळ्यातलं कंपनीचं आयकार्ड दिसत असेल तर कापा. फोनच्या सेटिंगमध्ये या ॲपला लोकेशनची परवानगी ‘ॲप वापरतानाच’ द्या आणि ‘अचूक लोकेशन’ बंद ठेवा. अँड्रॉइड १२ आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून ही सोय आहे. काही किलोमीटर इकडेतिकडे झाल्यानं जुळणीत काही बिघडत नाही, पण तुमची गल्ली कोणाला काढता येत नाही.

बोलताना काय खटकलं पाहिजे

फोटो पडताळणीची निळी खूण पाहून निश्चिंत होऊ नका. सेल्फीतला चेहरा आणि प्रोफाइलचे फोटो जुळले, एवढंच ती सांगते. नाव, नोकरी, लग्न झालंय की नाही, यातलं काहीही ती सांगत नाही. लग्नाचं सरळ विचारा. गोलमोल उत्तर आलं तर तेच उत्तर.

पहिल्या दहा मेसेजांत व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामचा आग्रह म्हणजे धोक्याची घंटा. ॲपवर तक्रार झाली की खातं बंद होऊ शकतं, म्हणून ठगाला तिथून लवकर निघायचं असतं. भेटण्याआधी ॲपच्या आतूनच पाच मिनिटांचा व्हिडिओ कॉल करा. बंबलवर तो फुकट आहे.

आपल्याकडे देवळालीत तोफखान्याचं मोठं केंद्र आहे, त्यामुळे ‘मेजर, पोस्टिंग देवळाली’ हे प्रोफाइल इथे सहज खपतं. लक्षात ठेवा, २०२० मध्ये लष्करानं आपल्या लोकांना ८९ ॲप फोनमधून काढायला सांगितली, त्यात टिंडर, बंबल, हिंजसारखी डेटिंग ॲपही होती. वर्दीतला फोटो, लगेच प्रेम, आणि मग ‘बदली झाली, सामान पाठवायला पैसे अडकले’, या क्रमानं प्रकरण चाललं तर तिथेच थांबा. परदेशातून भेट पाठवली ती कस्टममध्ये अडकली, किंवा ‘माझ्या मामांच्या ट्रेडिंग ॲपवर थोडे टाकून बघ’, ही त्याच गळाची दुसरी आमिषं. मुद्दाम सुरुवातीला हजार-दोन हजारांचा नफा काढूनही देतात, म्हणजे पुढे मोठी रक्कम टाकाल.

सगळ्यात घातक प्रकार व्हिडिओ कॉलचा. अनोळखी नंबरवरून कॉल येतो, पलीकडे नग्न चित्रफीत चालू असते, काही सेकंदांत तुमचा चेहरा तिच्यासोबत रेकॉर्ड होतो आणि मग पोलीस असल्याचं भासवून पैसे मागितले जातात. एक रुपयाही देऊ नका. दिलेत की तुम्ही देणारे आहात हे त्यांना कळतं आणि मागणी वाढत जाते. धमकावून पैसे मागणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणीचा गुन्हा आहे. समलिंगी मुलांना ग्राइंडरसारख्या ॲपवरून बोलावून ‘पोलिसांत देतो’ म्हणून लुटतात, त्यांनी हे पक्कं धरून चालावं: ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध गुन्हा नाहीत. गुन्हेगार धमकावणारा आहे, तुम्ही नाही. लाज वाटून गप्प बसू नका.

पैसे गेलेच तर त्याच तासाला १९३० वर फोन करा, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितकं लवकर, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. हाताशी यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि स्क्रीनशॉट हवेत. इथे बरेच जण चुकतात: समोरच्यानं तुम्हाला अनमॅच केलं, म्हणजे जुळलेली जोडी तोडली, की बहुतेक ॲपवर चॅट तुमच्याही फोनवरून गायब होतं. त्यामुळे संशय आला की आधी स्क्रीनशॉट, मग जाब. खासगी फोटो पसरवण्याची धमकी असेल तर स्टॉपएनसीआयआय या फुकट सेवेत त्या फोटोचा डिजिटल ठसा तुमच्याच फोनवर तयार होतो. फोटो बाहेर जात नाही आणि सहभागी समाजमाध्यमं त्या ठशावरून तो अडवतात.

पहिली भेट

नाशिकला पहिल्या भेटीसाठी सकाळच्या मिसळीइतकी चांगली जागा नाही. उजेड असतो, आजूबाजूला कुटुंबं असतात, बिल हलकं, आणि पाऊण तासात उठता येतं. जमलं तर पुढे चहा आहेच. कॉलेज रोडचं कॅफे चालेल, पण ठिकाण तुम्ही सुचवा. समोरचा एकाच अनोळखी कॅफेसाठी अडून बसला, मेन्यूवर दर नाहीत, ऑर्डर तोच देतोय, तर उठा. हजारोंचं बिल तुमच्या हातात देऊन त्यात वाटा घेणाऱ्या टोळ्या मोठ्या शहरांत पकडल्या गेल्या आहेत. गंगापूर धरणाचा काठ किंवा शहराबाहेरचे द्राक्षमळे दुसऱ्या-तिसऱ्या भेटीसाठी ठेवा. संध्याकाळी तिथून परतायला रिक्षा मिळत नाही आणि परतीची सोय दुसऱ्याच्या गाडीवर असणं पहिल्या दिवशी बरं नव्हे. आपल्या गाडीनं किंवा बसनं जा, एका विश्वासू माणसाला व्हॉट्सॲपवर आठ तासांचं लाइव्ह लोकेशन पाठवा.

पैसे भरावेसे वाटलेच तर चाचणीत जिंकलेल्या ॲपवर, सगळ्यात छोट्या मुदतीचे, आणि त्याच दिवशी पुढचं नूतनीकरण रद्द करा. मुदत संपेपर्यंत सोय चालू राहते. फोनवरून ॲप काढून टाकल्यानं ना खातं बंद होतं ना पैसे कापणं. ॲप कायमचं सोडायचं असेल तर आधी ॲपच्या सेटिंगमध्ये ‘डिलीट अकाउंट’. मग प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टॅप करून ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’. शेवटी यूपीआय ॲपमधल्या ‘ऑटोपे’ यादीत त्या नावाची परवानगी उरली असेल तर ती रद्द करा, आणि पुढच्या महिन्याच्या त्याच तारखेला बँकेचा मेसेज येतो का बघा.