पहिली रीफ टाकी लावताना या चुका टाळा

रीफ टाकी म्हणजे खाऱ्या पाण्यात मासे आणि जिवंत प्रवाळ ठेवण्याची टाकी. तिची खरेदी बहुतेक जण लाइटपासून सुरू करतात. मग मासे, मग प्रवाळ, आणि पाण्याचा विचार सगळ्यात शेवटी. आपल्याकडच्या घरांत टाक्या बिघडतात त्या याच क्रमामुळे. खालचे आकडे ९० × ४५ × ४५ सेंटिमीटरच्या, म्हणजे दगड-वाळू वजा जाता साधारण १५० लिटर पाण्याच्या टाकीचे आहेत. प्रवाळ झोअँथिड, मशरूम, लेदर असे मऊ प्रकारचे धरले आहेत. भरलेल्या टाकीचं, सम्पचं (टाकीखालच्या, पाणी गाळणाऱ्या छोट्या टाकीचं) आणि स्टँडचं मिळून वजन पाव टनाच्या वर जातं. ती खोलीच्या मधोमध न ठेवता बीमच्या वर, भिंतीलगत ठेवा.

घरच्या आरओचं पाणी थेट वापरणं

पिण्याच्या आरओत टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं. मेंब्रेनने गाळलेल्या पाण्यात चवीसाठी थोडे क्षार परत मिसळणं हेच त्याचं काम. त्यामुळे नळाला ५० ते १०० टीडीएस सहज येतो. माणसाला ते पाणी चांगलं, पण टाकीत त्यातलं नायट्रेट, सिलिकेट, फॉस्फेट, कधी तांबंही साठत जातं. टीडीएस मीटर एकूण किती विरघळलंय ते सांगतं, काय विरघळलंय ते सांगत नाही. म्हणून पाणी ० चंच हवं.

मेंब्रेनच्या पुढे आणि कंट्रोलर व मिनरल कार्ट्रिजच्या आधी टी-जॉइंट जोडून वेगळी नळी काढून घ्या आणि तिच्यावर डीआय रेझिनचं (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचं) कार्ट्रिज बसवा. बोअरवेल किंवा टँकरचं पाणी ६०० टीडीएसचं असेल तर मेंब्रेनने ९५ टक्के अडवूनही ३० उरतात आणि रेझिन भराभर संपतं. मीटर ० वरून १-२ वर आला की रेझिन बदला.

समुद्र जवळ आहे म्हणून जुहू-गिरगावचं पाणी भरून आणू नका. त्यात सांडपाणी आणि गाळ असतो, शिवाय पावसाळ्यात क्षारता, म्हणजे पाण्यातल्या मिठाचं प्रमाण, उतरते. तिथली वाळूही नको. अ‍ॅरागोनाइट या चुनखडी खनिजाची घ्या, ३ ते ५ सेंटिमीटर थर पुरे.

मीठ आणि क्षारता

खाण्याचं मीठ, खडेमीठ चालत नाही. रीफसाठीचंच मीठ लागतं. ड्रममध्ये आधी पाणी, त्यात चालू पंप, मग मीठ थोडं थोडं. लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम, म्हणजे १५० लिटरला साधारण साडेपाच किलो. उलटं केलं, म्हणजे मिठावर पाणी ओतलं, की पाणी दुधाळ होतं आणि ड्रमच्या तळाला पांढरा चुन्यासारखा थर बसतो. तो थर म्हणजे मिठातलं कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारे कार्बोनेट). ते परत विरघळत नाही, ते पाणी टाकून द्यावं लागतं. जीव असलेल्या टाकीत कोरडं मीठ कधीच टाकू नका.

क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) हवी. काटा हलणाऱ्या प्लास्टिकच्या हायड्रोमीटरवर विसंबू नका, काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता दाखवणारं उपकरण) घ्या आणि तो ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवा. साध्या पाण्यावर ० ला जुळवलेला रिफ्रॅक्टोमीटर ३५ ला चुकू शकतो. थेंब काचेवर टाकल्यावर अर्धा मिनिट थांबा, तापमान सारखं होऊ द्या, मग बघा.

सर्वाधिक टाक्यांना भोवणारी चूक मात्र इथे आहे. पाणी उडतं, मीठ उडत नाही. पंख्याखाली १५० लिटरच्या टाकीतून रोज अडीच लिटर पाणी जात असेल, तर आठवडाभरात क्षारता ३५ वरून जवळपास ४० वर पोचते. हीच घट मिठाच्या पाण्याने भरून काढली, तर आठवड्याला ६०० ग्रॅम जादा मीठ आत जातं. घट रोज, ० टीडीएसच्या साध्या पाण्यानेच भरायची. सम्पच्या काचेवर मार्करने रेघ मारून ठेवा. ऑटो टॉप-ऑफ (घट आपोआप भरणारं यंत्र) बसवला तर त्याची पाण्याची कॅन लहान, ८-१० लिटरची ठेवा. सेन्सर अडकला तरी सगळ्या टाकीतलं पाणी गोडं होत नाही.

उन्हाळा

तापमान २५ ते २७ अंश. ३० च्या वर टिकून राहिलं की प्रवाळ आधी मिटतात, मग पांढरे पडतात. बाहेरच्या देशातल्या मार्गदर्शकांत हीटरवर पानंच्या पानं असतात. आपला प्रश्न उलटा आहे. पाण्यावर वारा मारणारा छोटा पंखा बाष्पीभवनाने पाणी २ ते ४ अंश खाली आणतो, पण कोरड्या हवेत. पुण्यात एप्रिलमध्ये तो छान चालतो. मुंबईत मे-जूनच्या दमट हवेत जेमतेम फरक पडतो, तिथे चिलरला पर्याय नाही. चिलर बंद कपाटात ठेवला तर स्वतःचीच गरम हवा ओढत राहतो. त्याच्या मागे-पुढे मोकळी जागा ठेवा. लाइट आणि पंपांची उष्णताही मोजा. सगळं चालू करून दुपारी तीनला थर्मामीटर बघा. हे प्रवाळ आणण्याआधी करायचं काम आहे.

वीज गेल्यावर काय होतं, हे न पाहणं

पंप बंद झाला की टाकीतलं पाणी सम्पमध्ये उतरतं. रिटर्नच्या, म्हणजे सम्पमधून पाणी टाकीत परत आणणाऱ्या, पाइपचं तोंड पाण्याखाली असेल तर सायफन लागतो आणि सम्प भरून फरशीवर पाणी येतं. पाइपला पाण्याच्या पातळीलगत ३-४ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे हवा शिरून सायफन तुटतो. ते भोक शेवाळाने बुजत नाही ना हे दर आठवड्याला बघा. टाकी भरल्याच्या पहिल्याच दिवशी मेन स्विच बंद करून पातळी कुठे थांबते ते पाहा.

प्रवाह थांबला की ऑक्सिजन उतरतो. बॅटरीवरचा एअर पंप घरात हवाच. इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर (टाकीत प्रवाह फिरवणारा पंप) टाका, चिलर नको. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळ प्लगपर्यंत जात नाही. सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच बंद पडणारा स्विच) असू द्या.

घाई

डॅमसेल मासा सोडून टाकी तयार करण्याची, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवण्याची, जुनी पद्धत क्रूर आहे आणि गरजेची नाही. कोरडे दगड, साधारण १५ किलो, थेट तळकाचेवर पक्के बसवा, वाळू नंतर. उलट केलं तर गोबी खालून वाळू उपसतो आणि रचना काचेवर कोसळते. मग या जिवाणूंचं खाद्य म्हणून २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया द्या: १५० लिटरला जवळपास १ ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराइड. बाजारातला नवसागर नको, त्यात काय मिसळलंय कळत नाही. जिवाणूंची बाटली सोबत टाका. ३ ते ६ आठवडे लागतात. दिलेला अमोनिया २४ तासांत ० झाला आणि नायट्राइटही ० आला, की टाकी तयार. नायट्राइट असेपर्यंत नायट्रेटचा टेस्ट किट फसवतो, जादा आकडा दाखवतो.

पुढे वाळूवर डायटम हे तपकिरी सूक्ष्म शेवाळ येतं, मग हिरवं शेवाळ. घाबरून औषधं ओतू नका. लाइट ८ तासांवर आणा, दर आठवड्याला १५ लिटर पाणी बदला. नायट्रेट आणि फॉस्फेट ठार ० करू नका, त्यातून डायनोफ्लॅजेलेट हे सूक्ष्मजीव माजतात. नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम ठीक. पीएचच्या मागे लागू नका. एसीच्या बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साठून तो ७.९ पर्यंत उतरलेला दिसतो, खिडकी उघडा.

काय आणू नये

दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. मालवणच्या किनाऱ्यावर सापडलेला तुकडा, जिवंत असो वा मेलेला, टाकीसाठी आणणं गुन्हा आहे. समुद्री घोडेही त्याच यादीत. मासे घेताना टाकीत पैदास केलेली क्लाउनफिशची जोडी मागा. निळा टँग मासा या मापाच्या टाकीत कोंडू नये. मँडरिन मासा कोपेपॉड हे बारीक जीव खाऊन जगतो, नव्या टाकीत उपाशी मरतो.

लांबून आलेल्या पिशवीवर तासन्‌तास थेंब-थेंब पाणी सोडत बसू नका. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड निघून पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी होतो. आधी विक्रेत्याकडून क्षारता विचारून तेवढ्याच क्षारतेची वेगळी क्वारंटाइन टाकी तयार ठेवा. बंद पिशवी २० मिनिटं तरंगवा, मग उघडून मासा लगेच त्यात सोडा. पिशवीतलं पाणी टाकायचं. अंगावर पांढरे ठिपके आले तर तांब्याचं औषध त्या टाकीतच द्या. मुख्य टाकीत तांबं गेलं तर कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ मरतात.

झोअँथिडला हात लावताना हातमोजे आणि चष्मा घाला. काही जातींत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असतं. असे दगड साफ करायला उकळू नका, गरम पाण्याने ब्रशही मारू नका. वाफेतून विष घरातल्या सगळ्यांच्या फुप्फुसांत जातं. तोंडाला धातूसारखी चव, ताप किंवा धाप लागली तर दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना पॅलिटॉक्सिन हा शब्द सांगा.